सात नंबरच्या झाडाची चढाकडची बाजू

प्रिय खारूताई,

ब्रश दुसऱ्यांदा तपासणीच्या रंगाच्या बाटलीत बुडवला आणि हात तिथेच थांबला. खोडाच्या चकतीच्या मधोमध गाभा नारिंगी होत चालला होता, जसा व्हायला हवा तसा. पण कडेला, सालीपासून आत घुसलेली, दोन बोटं रुंद अशी एक लाल जीभ उमटत होती. मला वाटलं, ब्रशचा थेंब पडला. फडक्याने टिपून पाहिलं. फडक्याला काही लागलं नाही. जीभ गडद होत गेली, पाच मिनिटांत गाभ्याइतकी लाल झाली आणि तिचं टोक गाभ्याला जाऊन टेकलं. तिच्या पोटातून सालीपासून आत जाणारी एक सरळ नळी होती, पेन्सिल आडवी ठेवावी तशी. नळीच्या तोंडाशी मेण. मेणावर नंतरच्या वर्षांचं लाकूड आणि साल, इतकी नीट भरून आलेली की बाहेरून हात फिरवला तरी कळू नये. मी बाटलीला बूच लावलं, हातमोजे काढून डब्यात टाकले आणि स्टूल पुढे ओढायचं विसरून सरळ जमिनीवर बसले. आपण जमिनीवर बसलो आहोत हे मला बऱ्याच वेळाने कळलं, फरशी गार लागली तेव्हा.

गुरुवारच्या व्याख्यानासाठी तू मागितलेली ती चकती. सोमवारी तुझ्या प्रयोगाचा प्लॉट मोडला. बाराही पाइन आडवे पडले, आता कार्यशाळेमागच्या अंगणात ओळीने ठेवलेत, प्रत्येकाच्या बुंध्यावर अजून पत्र्याचा नंबर आहे. तू फोनवर म्हणाली होतीस, आई, सात नंबरची दे, ते झाड माझं लाडकं. आणि भोकं नसलेल्या जागेची काढ, लोक उगाच त्यावरच प्रश्न विचारत बसतात. म्हणून मी मुद्दाम मांडीच्या उंचीवरून कापून घेतली. तुझ्या आराखड्याप्रमाणे तिथे काहीच नसायला हवं. नमुन्याच्या काड्या काढायला बाबांनी पाडलेली पहिल्या वर्षीची बारा भोकं छातीच्या उंचीवर, बुंध्याभोवती घड्याळाच्या आकड्यांसारखी, दर महिन्याला एक घर पुढे. दुसऱ्या वर्षीची बारा त्याच्या वीतभर खाली, वरच्या दोन भोकांच्या मधल्या जागेत. त्याखाली कोरं लाकूड. तो कागद माझ्या कपाटाच्या दाराला आतून अजून चिकटवलेला आहे. मी उठून तो काढला, चकतीशेजारी ठेवला, आणि मला पहिल्यांदा असं वाटलं की कागदावर गिचमिड माझीच झाली असेल, मीच चुकीच्या उंचीवर खूण केली असेल. माणूस आधी तेच धरून बसतो. आपण चुकलो असू तर बाकी सगळं जागच्या जागी राहतं.

अंगणात मिस्त्री करवतीचं पातं पुसत होता. त्याला म्हटलं, सातची साल सोल, नंबराच्या पत्र्याखाली, जमिनीपर्यंत. तो म्हणाला, कशाला वहिनी, लाकूड चांगलं आहे, उगाच उघडं पडेल. मी पुन्हा तेच म्हटलं. तो सोलायला लागला, पण मान वर करून त्याने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. नंबराचा पत्रा नेहमी चढाकडच्या बाजूला ठोकतात, पायवाटेवरून दिसावा म्हणून, हे तुला माहीत आहे. त्या एका बाजूला, पत्र्याच्या सरळ रेषेत, साल निघत गेली तशी एकाखाली एक भोकं निघत गेली. शिडीच्या पायऱ्यांसारखी. सहा-सहा बोटांवर. पहिलं बरगडीच्या उंचीला, मग पोटाशी, मग कमरेशी, मग मांडीशी. शेवटची तीन गुडघ्याखाली. मी मोजली. नऊ. दुसऱ्या वर्षीच्या वरच्या ओळीत, जिथे बारा हवी होती तिथे, जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चची तीनच होती, आपापल्या घरात, अगदी तुझ्या कागदाप्रमाणे. एप्रिलपासून डिसेंबरपर्यंतची नऊच्या नऊ या एका रेषेत. आणि तुझ्याकडे पाठवलेल्या त्या नऊ महिन्यांच्या नमुन्यांच्या नळ्यांवर माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे: पूर्व, आग्नेय, दक्षिण, नैऋत्य, पश्चिम. मीच लिहिलंय. बाबांनी दिलेल्या चिठ्ठ्या बघून.

पुढचं तू माझ्याआधी ओळखलं असशील. तरी मी लिहिते, कारण मला ते एकदा माझ्या हाताने लिहून बघायचं आहे. हे सगळं तूच तर शिकवलंस. बाबांना आणि मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून, दोन पोळ्यांच्या मध्ये. म्हणाली होतीस की झाडाच्या बाहेरच्या लाकडात जिवंत पेशी असतात, थोड्याच, आडव्या रांगांनी, आणि त्या वर्षानुवर्षं नुसता स्टार्च साठवत बसतात. मग आतल्या रांगांची पाळी येते. शेवटच्या काही आठवड्यांत त्या साठवलेला सगळा स्टार्च, सगळी चरबी मोडतात आणि एरवी कधीच न बनवलेली वस्तू बनवायला लागतात. पिनोसिल्विन. बुरशीला विष. ते बनवून झालं की पेशीचं केंद्रक विरघळतं, पेशी मरते, आणि ते विष शेजारच्या रिकाम्या नळ्यांत झिरपून लाकडात मुरतं. नळ्यांमधली लहान लहान झाकणं आधीच मिटलेली असतात. म्हणून गाभा मेलेला असूनही कुजत नाही. बाबा म्हणाले होते, म्हणजे सरकारी नोकरासारखं, निवृत्तीच्या महिन्यातच सगळं काम. तू इतकी हसलीस की पाणी नाकात गेलं. मी तुला विचारलं होतं, पेशीला कळतं कसं की आता आपली पाळी? तू म्हणालीस, आई, तोच तर माझा प्रबंध.

आणि मग तुला ते सापडलं. दुसऱ्या वर्षीच्या वसंतात, झाड ऐन वाढीला लागलेलं असताना, गाभ्यापासून चार बोटं बाहेरच्या ताज्या लाकडात पिनोसिल्विन. ते बनवणारं एन्झाइमही भरात. पहिल्या वर्षी त्याच महिन्यांत काही नव्हतं. मधला हिवाळा कोरडा गेला होता. तू म्हणालीस, झाडाला तहान कळली आणि ते वेळेआधीच गाभ्याच्या तयारीला लागलं. त्या चार पानांवर तुला पदवी मिळाली, कुठून कुठून पत्रं आली, आणि गुरुवारी नेमणूक करणारे लोक तुझं बोलणं ऐकणार, मग तुला कायम करणार. पानाच्या तळाशी तू बाबांचं नाव घातलंस, नमुने घेणारा माणूस म्हणून. ते पान मी चौकटीत लावून घेतलंय. पण झाडाला जखम झाली तरी ते हेच करतं, खारूताई. तेच एन्झाइम, तेच पिनोसिल्विन, त्याच पेशी घाईघाईने बनवतात आणि मरतात. माझ्या बाटलीतल्या रंगाला दोन्हींतला फरक कळत नाही. तुझ्या यंत्रालाही कळत नाही. आणि जखमेची बातमी झाडात उभी धावते, आडवी फारशी नाही. म्हणून तर तुझा सगळा आराखडा होता, गोल फिरा, एकाखाली एक कधीही टोचू नका. तू तीन वेळा सांगितलं होतंस. बाबांनी मान डोलावली होती. मिस्त्रीकडून मी खोड त्या रेषेवर उभं चिरून घेतलं आणि रंग लावला. गुडघ्यापासून छातीपर्यंत एकच लाल पट्टा. सलग. मेपासून पुढची प्रत्येक काडी बाबांनी आधीच्या भोकाच्या जखमेतून काढलेली आहे, आणि एप्रिलची पहिल्या वर्षीच्या एका भोकाखालून. तुला जे वसंतात सापडलं ते गाभ्याचं नव्हतं.

तारखेबद्दल शंका नको म्हणून भिंगाखाली वर्तुळं पाहिली. भोकामुळे वाढ कुठे अडली ते स्वच्छ दिसतं. सगळ्यांत वरचं भोक त्या वर्षीच्या फिकट लाकडाच्या पहिल्या रेघांत आहे, म्हणजे वसंताचं तोंड. गुडघ्याजवळचं गडद काठ पुरा झाल्यानंतरचं. वरून खाली महिने ओळीने उतरतात. मी भिंग घेऊन ते वरून खाली वाचत आले आणि तिसऱ्या-चौथ्या भोकापाशी माझ्या लक्षात आलं की मी तुझा प्रबंध वाचत नाहीये. प्लॉटच्या त्या उतारावर झाडाच्या खालच्या बाजूला जमीन एकदम सुटते. तिकडून छातीच्या उंचीवर गिरमीट लावायचं तर घडीचं स्टूल उघडून, त्याचा एक पाय दगडावर टेकवून, वर चढून, अंगाचा भार छातीने द्यावा लागतो. मी एकदा केलंय. दोन दिवस खांदे दुखत होते. एप्रिलमध्ये बाबा स्टुलावर चढले नाहीत. जूनमध्ये हात छातीपर्यंत उचलून गिरमीट फिरवू शकले नाहीत, म्हणून पोटाशी धरलं. ऑक्टोबरमध्ये त्यांनी ते बसून केलं. गुडघ्याखाली भोक पाडायला माणसाला बसावंच लागतं.

मिस्त्री तोवर मागे उभा होता. मी न वळता विचारलं, तुला माहीत होतं. तो म्हणाला, वहिनी, दादांनी शपथ घातली होती. काड्या गोठवायच्या द्रव नायट्रोजनचं पिंप महिन्यातल्या नमुन्यांच्या मंगळवारी तोच वाहून न्यायचा, बाबांच्या बरोबर. म्हणाला, वर पोचलं की दादा आधी अर्धा तास पायवाटेच्या कडेला बसायचे, ओठ निळे पडायचे, मला म्हणायचे पाखरं मोज तोपर्यंत. मी म्हटलं दादा, द्या, मी फिरवतो गिरमीट. तर म्हणाले, तुझा हात म्हणजे कुऱ्हाड, काडी मोडली तर पोरगी मला घरात घेणार नाही. मी म्हटलं मग निदान खालच्या बाजूला मी जातो. तर म्हणाले, अरे झाडाला काय पाठ नि पोट असतं होय? कुठूनही टोचलं तरी झाड तेच. मी त्याला म्हटलं, तीन वर्षं तू रोज दुपारी माझ्यासमोर बसून चहा पितोस. त्यावर त्याने टोपी काढली आणि तो ती हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, मला वाटलं वहिनी, माणूस गेला, आता कुणाच्या उपयोगाचं. मला त्याला काहीतरी फेकून मारावंसं वाटत होतं आणि हाताशी फक्त भिंग होतं. ते तुझं आहे, म्हणून ठेवून दिलं.

झाडाला पाठ नि पोट नसतं. एवढ्या एका वाक्यावर त्यांनी ते नऊ महिने काढले असणार. त्यांनी मुद्दाम तुला फसवलं असं मी म्हणू शकत नाही, आणि फसवलं नाही असंही म्हणू शकत नाही. दिशांच्या चिठ्ठ्या खोट्या होत्या, हे त्यांना माहीत होतं. त्याने तुझं काही बिघडेल हे बहुतेक माहीत नव्हतं. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या प्रबंधांसाठी झाडं मोजली, साहेबांनी सांगितलं तिथे भोक पाडलं, का ते कुणी सांगितलं नाही. तू सांगितलंस. पण मला वाटतं तू बोलत असताना ते ऐकत नसत, तुझ्याकडे बघत असत. मीही तेच करत होते.

आता माझं. नमुन्यांच्या आदल्या सोमवारी संध्याकाळी ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून दुसऱ्या दिवशीच्या चिठ्ठ्या लिहून ठेवायचे. मी एकदा म्हटलं, अहो, नमुना उद्या काढणार आणि दिशा आजच कशी लिहिता? ते म्हणाले, जागा ठरलेल्याच आहेत ना, तिकडे थंडीत बोटं वळत नाहीत. मला ते पटलं. इतकंच नाही, मला कौतुक वाटलं. प्रयोगशाळेत तीस वर्षं काढलेली बाई मी. नमुना हातात येण्याआधी त्याचं लेबल लिहायचं नाही हे मी दर वर्षी नव्या मुलींना पहिल्या दिवशी सांगते, आवाज चढवून सांगते. त्या चिठ्ठ्या घेऊन मी मंगळवारी नळ्यांवर दिशा लिहिल्या. चिठ्ठीतली शाई वाळलेली, कोपरे सरळ, एकावरही चिकाचा डाग नाही. जंगलातून आलेल्या चिठ्ठीवर चिकाचा डाग नाही! मी बघितलं नाही. त्यांनी त्या उन्हाळ्यात दोन उशा घ्यायला सुरुवात केली. मान अवघडते म्हणाले. घरी यायला पायऱ्यांची वाट सोडून मोठ्या रस्त्याने यायला लागले. तेवढंच चालणं होतं म्हणाले. मंगळवारी उशीर व्हायला लागला तेव्हा मी म्हटलं, तिकडे झाडांबरोबर दुसरा संसार थाटलात की काय. ते म्हणाले, त्यांना निदान तुझ्यासारखं तोंड नाही. आम्ही दोघं हसलो. एका पलंगावर, हातभर अंतरावर, मी त्या माणसाशेजारी झोपत होते, आणि ते जे करत होते ते मला आज, मेलेल्या झाडाची साल काढल्यावर कळलं. याला काय म्हणायचं ते मला कळत नाही. सकाळपासून माझ्या हातून एकही काम धड झालेलं नाही. केस विंचरताना लक्षात आलं की एक हातमोजा मी परत घातलेला आहे.

ते गेले तेव्हा सगळे म्हणाले, एकदम गेले, त्यांना काही कळलंसुद्धा नाही. मी तीन वर्षं त्या वाक्याला धरून आहे. तुलाही तेच सांगितलं, विमानतळावरून तू फोन केलास तेव्हा. पण डॉक्टर त्या दिवशी खोलीबाहेर मला काहीतरी वेगळं सांगायला लागले होते. म्हणाले, हृदय बरंच मोठं झालेलं होतं, हे आजचं नाही. मी त्यांना म्हटलं, ठीक आहे, आणि तुझा नंबर शोधायला लागले. ते वाक्य मी ऐकलं आणि तिथेच ठेवून आले. म्हणजे मिस्त्री एकटा नाही. त्याला शपथ तरी घातलेली होती.

तुझ्या मनात पहिलं काय येईल ते मला माहीत आहे. तू म्हणशील, माझ्यासाठी. मी दर महिन्याला त्यांना उतारावर चढवलं. मी यावर तुला समजावणार नाही, कारण मला खरोखर माहीत नाही. तब्येतीचं कळलं असतं तर साहेबांनी त्यांना टेबलाच्या कामाला बसवलं असतं, आणि त्यांना टेबलाची किती चीड होती ते तू जाणतेस. म्हणजे तुझं काम नसतं तरी त्यांनी लपवलंच असतं. पण कदाचित बाराच्या जागी चार झाडं केली असती. कदाचित गिरमीट मिस्त्रीच्या हातात दिलं असतं, कुणा दुसऱ्याच्या नमुन्यांसाठी असतं तर. एवढं मात्र खरं की ते नमुने आले की ते प्रयोगशाळेच्या दारात उभे राहायचे, मी नळ्या मोजून फ्रीजरमध्ये ठेवेपर्यंत हलायचे नाहीत, आणि विचारायचे, बारा झाल्या ना? एकही मोडली नाही ना? एकही मोडलेली नसायची.

हे सगळं मी का लिहिते आहे ते आता सांगते. आज दुपारी तू फोन केलास आणि विचारलंस, चकती कशी आली? मी म्हणाले, सुरेख. ते खरं होतं. मी सातच्याच खोडाची दुसरी चकती कापली, वरची, माझ्या डोक्यापेक्षा दीड हात उंचावरची. तिथे जखमेचं काही पोचलेलं नाही. मधोमध गोल लालभडक गाभा, भोवती स्वच्छ पिवळं लाकूड. पुस्तकात छापावी अशी. ती मी कागदात गुंडाळली, खोक्यात घातली, वर तुझा पत्ता लिहिला. मग मिस्त्रीला म्हटलं, उद्या सकाळी बाकीच्या अकरा झाडांचे खालचे सहा-सहा फूट भट्टीत घाल. त्याने का म्हणून विचारलं नाही. तू फोनवर पुढे बोलत होतीस, व्याख्यानाची सुरुवात बाबांपासून करणार म्हणालीस, ती चकती वर उचलून. आणि मी म्हणाले, छान, कर. तुझा आवाज किती दिवसांनी तसा आला होता. फोन ठेवल्यावर मी खोक्याला चिकटपट्टी लावली, आणि दुसऱ्या बाजूची लावताना माझ्या ध्यानात आलं की उद्याची चिठ्ठी मी आजच लिहून ठेवते आहे. तुला बरं वाटावं म्हणून, कुणाला कळणार नाही म्हणून, झाड तेच आहे म्हणून. त्यांचं निदान हृदय मोठं झालं होतं. मला काय झालंय? भट्टीचा निरोप मी परत घेतला आहे. हे पत्र त्या खोट्या ‘सुरेख’साठी आहे. खोक्यातली चकती बदलली आहे. तुला जीभ असलेली पाठवते आहे, आणि तिच्या खालचा उभा चिरलेला तुकडा. गुरुवारी काय करायचं ते तू ठरव. तू ती वर उचललीस तरी आणि उचलली नाहीस तरी मी तुला काही विचारणार नाही. फक्त मला माहीत असून तू न बघता उचलावीस, एवढं माझ्याने होणार नाही.

तुझीच,
आई

शनिवार सकाळ. पाकीट बंद केलेलं नाही, म्हणून याच कागदावर लिहिते. पत्र पोचायला सोमवार उजाडेल, तोवर तू भाषण पाठ करत बसशील, हे मला सहन होईना. साडेसातला तुला फोन करून सगळं सांगितलं. तू विचारलंस, वरच्या सपाटीवरच्या तीन झाडांचं काय, ज्यांच्यात वसंतात काहीच सापडलं नव्हतं? ती कापून पाहिलीस का? तू म्हणालीस, मी प्रबंधात लिहिलं होतं की सपाटीवर पाणी टिकतं म्हणून त्यांना तहान लागली नाही. मी म्हणाले, अजून नाही पाहिली. तू म्हणालीस, पाहा, मी थांबते. नऊ वाजता मिस्त्रीने दोन, पाच आणि अकरा नंबर सोलले आणि तुझ्या दोन्ही ओळींवर कापले. तीनही झाडांत चोवीसच्या चोवीस भोकं आपापल्या घरात आहेत, डिसेंबरचंसुद्धा. तिथे स्टूल लागत नाही. बाबा सगळीकडून फिरले आहेत. म्हणजे जिथे भोकांची उभी रेष नाही, तिथे वसंतात काही सापडलंही नाही; तहानेचा संबंध नव्हता. तुला फोन करून तसं कळवलं. तू म्हणालीस, तीनही झाडांच्या चकत्या पाठव, गुरुवारी सातसकट चारही झाडांच्या लागतील. साडेअकराच्या गाडीने पाठवल्या.